बारा व्होल्टचा अंधार

माणसाने अंधारावर मिळवलेला विजय ही मानवी इतिहासातली सर्वांत थोर घटना आहे, असं मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना, विषयाशी काही संबंध नसतानाही, वर्षानुवर्षं सांगत आलो. आता सांगत नाही. बशीएवढा एक दिवा विझवायला मला सांगली आणि सातारा असे दोन जिल्हे लागले. ज्याने दिव्याचा शोध लावला त्याचं कौतुक आहेच, पण बटण ज्याने शोधलं त्याचा पुतळा कुठे दिसत नाही, ही आपल्या समाजाची कृतघ्नता आहे.

हा दिवा आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये होता. कॅरॅव्हॅन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी परदेशी येतं. आमची म्हणजे एक जुनी मिनीबस. आत दोन बाकं, जी ओढली की पलंग होतात आणि पुन्हा ढकलली की बाकं होत नाहीत. एक शेगडी. हात धुवायला एक भांडं, ज्यातलं पाणी थेट रस्त्यावर पडतं. आणि छताला बारा व्होल्टचा एक दिवा. कोल्हापूरच्या एका हौशी गृहस्थाने ही गाडी सजवली होती. त्याने सगळं केलं होतं, फक्त दिव्याला बटण ठेवलं नव्हतं. दिवा थेट बॅटरीला जोडलेला. तो बंद करायचा तर ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घालायचं आणि पान्याने बॅटरीची तार सैल करायची. "सवयीने होतं," असं तो म्हणाला होता. त्याच्या बायकोला ती सवय झाली नसावी, कारण गाडी विकताना ती फार आनंदात दिसली.

गाडी घ्यायचं ठरवलं ते माझ्या बायकोने, विनोदिनीने. तिचं म्हणणं समजायला आमच्याकडची एक पद्धत समजून घ्यावी लागेल. आमच्या दोघांचे नातेवाईक या दोन जिल्ह्यांत नीट अंतर राखून पेरल्यासारखे आहेत. साताऱ्यात माझी थोरली बहीण, वाईत विनोदिनीची एक मावशी, कराडात माझे दोन चुलते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसल्यामुळे दोन्हीकडे मुक्काम. नातेवाईक असलेल्या गावात लॉजवर उतरणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार आपटणं. त्यामुळे आमची प्रत्येक सहल कुणाच्या तरी स्वयंपाकघरात संपते. तिथे "राहू दे गं, तू पाहुणी" असं म्हणत म्हणत विनोदिनीच्या हातात लाटणं दिलं जातं. मी बाहेर गप्पा मारत बसतो. मला सहल झाल्यासारखं वाटतं.

"इतकी वर्षं झाली लग्नाला," ती एकदा म्हणाली, "कुठंतरी एकदा सकाळी जाग यावी आणि 'चहा मी टाकू का?' असं कुणाला विचारायला लागू नये. एकच रात्र. बास."

मागणी इतकी लहान होती की मला लाज वाटली. मग तिने नकाशा घेऊन, जिथे आपलं कोणीही नाही, असं गाव शोधायला सुरुवात केली. सांगली जिल्हा लगेच बाद झाला, तिथे गावागणिक कोणी ना कोणी होतंच. सातारा जिल्ह्यात फलटणच्या अलीकडे, तळ्याकाठचं एक गाव सापडलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की तिथे आपलं कोणीतरी निघेल.

अडचण एवढीच होती की विनोदिनीला झोपायला मिट्ट काळोख लागतो. डासांच्या यंत्रावरचा लाल ठिपकासुद्धा ती चिकटपट्टीने झाकते. म्हणजे रात्री दिवा हवा आणि मग तो जायला हवा. म्हणजे बटण.

"मी लावतो," मी म्हणालो.

बारावीपर्यंत मी विज्ञान घेतलं होतं. पुढे विज्ञानाने मला घेतलं नाही, पण मूलभूत गोष्टी राहतात. आमच्या सांगलीतच, विश्रामबागेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने किती अँपिअरचं बटण हवं, असं विचारलं. मी "मध्यम" म्हणालो. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि घरातल्या भिंतीवर असतं तसं पांढरं बटण दिलं, लाकडी बोर्डासकट. बोर्डावर लाल इंडिकेटरही होता. शोभा म्हणून मला तो आवडला.

दिव्याकडे दोन तारा जात होत्या. बटणालाही मागे दोन जागा होत्या. दोनाला दोन. यात मला कुठेही शंका घ्यायला जागा दिसली नाही. एक तार सोलून एका जागी, दुसरी सोलून दुसऱ्या जागी. विनोदिनीला बोलावलं. दिवा पेटलेला होता. मी बटण दाबलं. दिवा विझला.

तो क्षण माझ्या आयुष्यातल्या मोजक्या यशांपैकी होता आणि वास येईपर्यंत टिकला. मग सीटखालून धुराची एक रेष वर आली. बटण परत दाबलं, दिवा लागला नाही. दिवा बंद करण्याचं काम मी इतकं मन लावून केलं होतं की तो आता कायमचा बंद झाला होता.

वासावर नाथाजी आले. नाथाजी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. विजेच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि निवृत्ती त्यांनी मनाने स्वीकारलेली नाही. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, ते टेस्टर लावतात. त्यांनी माझं काम पाहिलं आणि विनोदिनीकडे वळून "वहिनी, मुलं घरात नव्हती ना?" असं विचारलं. आमचा धवल पुण्यात नोकरीला आहे. तरी मला त्या प्रश्नाने फार लागलं.

फ्यूज गेला होता. नाथाजींनी त्याच्या जागी चांगली जाड तार टाकली. "आता जाणार नाही," ते म्हणाले. फ्यूज हा जाण्यासाठीच असतो असं मी कुठेतरी वाचलं होतं, पण ते बोलण्याची माझी पत राहिली नव्हती. मग त्यांनी तारा नीट जोडून बोर्ड गाडीच्या आतल्या भिंतीला ठोकला. बटण दाबलं, दिवा लागला. परत दाबलं, विझला. मला वाटलं, झालं.

पण नाथाजींचा चेहरा उतरला होता. बोर्डावरचा लाल इंडिकेटर लागत नव्हता. त्यांनी टेस्टर लावला. तोही पेटला नाही.

"सप्लाय नाही," ते म्हणाले.

"पण नाथाजी, दिवा लागलाय."

"तो लागू दे. सप्लाय नाही."

जन्मभर त्यांनी दोनशे तीस व्होल्टमध्ये काढला होता. बारा व्होल्टवर टेस्टर पेटत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. त्यामुळे डोक्यावर लख्ख दिवा जळत असताना आम्ही दोघे त्याखाली उभं राहून वीज का येत नाही, याची कारणं शोधू लागलो. त्यांनी बोर्ड उघडला, बसवला, पुन्हा उघडला. दर वेळी दिवा लागे आणि दर वेळी नाथाजी मान हलवत. शेवटी त्यांना कारण सापडलं. अर्थिंग नव्हतं.

मी म्हटलं, गाडीला चाकं आहेत. ते म्हणाले, तेच तर. चाकं रबराची. गाडी चारी बाजूंनी जमिनीपासून तोडलेली. अशा गाडीत बायकामाणसांना झोपवायचं म्हणजे काय ते समजतं का, सर? मला समजत नव्हतं, पण समजत नाही म्हणायचीही भीती वाटू लागली.

अर्थिंगसाठी खड्डा लागतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ लागतं. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला. मीठ विनोदिनीच्या डब्यातून गेलं. तिने डबा देताना विचारलं की गाडी निघाली की खड्डाही बरोबर येणार का. नाथाजी म्हणाले, मुक्कामाला पोचलात की तिथे दुसरा खणायचा, त्यात काय. ती काही न बोलता वर गेली. तिचं न बोलणं मला ओळखता यायला हवं होतं, पण माझ्या हातात पहार होती आणि पहार हातात असलेला माणूस सूक्ष्म गोष्टी पाहत नाही.

तिसऱ्या-चौथ्या घावाला जमिनीतून पाणी आलं. पहिल्यांदा मला वाटलं, भूजल. मग लक्षात आलं की भूजल इतक्या जोरात येत नाही आणि त्याला क्लोरीनचा वास नसतो. सगळ्या इमारतीची पाण्याची पाइप मी फोडली होती.

सोसायटीच्या सचिव राजेश्वरीताई बाल्कनीत आल्या तेव्हा त्यांच्या केसांना फेस होता. याहून अधिक लिहिणं त्यांच्या पदाला शोभणार नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा झाली. पाण्यावर बोलणं लवकर संपलं, प्लंबर येऊन गेला होता. खरा विषय गाडी होता. सभासदांचा ठाम समज होता की मी खाद्यपदार्थांची गाडी सुरू करतोय. शेगडी पाहिली होती, भांडं पाहिलं होतं, आता कोळसाही पाहिला. मी म्हटलं, ही आम्हाला झोपायला घेतली आहे. यावर एक शांतता पसरली. नवराबायको, स्वतःचा फ्लॅट असताना, पार्किंगमध्ये, मिनीबसमध्ये. त्या शांततेपेक्षा वडापावचा आरोप बरा होता. म्हणून मी गप्प बसलो आणि माझ्या गप्प बसण्याला कबुली समजून ठराव झाला: सोसायटीच्या आवारात विक्री करू नये, केल्यास सभासदांना आधी द्यावं. राजेश्वरीताईंनी सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन मिसळ असेल का, असं विचारलं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. नाथाजींनी मधल्या दिवसांत बोर्डाची एक तार त्या खड्ड्यात पुरून अर्थिंग पुरं केलं होतं आणि पहाटेच येऊन शेवटची तपासणी केली होती. बॅटरीच्या टोकांवर त्यांनी पुट्टी थापली होती, ती दगडासारखी घट्ट झाली होती. यापुढे तिथे कोणाचा पाना चालणार नव्हता. कायमची सुरक्षितता, ते म्हणाले. गाडी गेटकडे वळवली तेव्हा आरशात ते दोन्ही हात वर करून हलवत होते. माणूस मनाचा चांगला, असं मी विनोदिनीला म्हटलं आणि मीही हात केला.

ते अर्थिंगची तार सोडायची राहिली, असं सांगत होते.

तार तुटली नाही. नाथाजींचं काम पक्कं होतं. तार तशीच राहिली आणि बोर्ड भिंतीतून निघून खिडकीबाहेर गेला. मागे दोन तारा एकमेकींत पिळवटून लटकत राहिल्या आणि दिवा लागला. नाथाजी बोर्ड हातात घेऊन धावत आले आणि खिडकीतून बजावून गेले की अर्थिंगशिवाय आता त्या तारांना बोटही लावायचं नाही, वहिनींचा विचार करा.

"बारा व्होल्टनं काय होतं?" विनोदिनीने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "म्हणूनच."

परत फिरू या का, असं मी विचारलं. ती म्हणाली, गाडी पुढे घे.

आमच्या वाटेवर तासगाव होतं आणि तासगावच्या अलीकडे मळ्यात विनोदिनीचा मावसभाऊ गुंडा राहतो. न सांगता तिथून निसटायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी एक आडरस्ताही काढून ठेवला होता. पण भर उन्हात आतला दिवा लावून जाणारी मिनीबस ही लपणारी गोष्ट नाही. द्राक्षाच्या बागेतून एक मोटरसायकल आमच्या मागे लागली आणि पुढे येऊन आडवी थांबली.

"दाजी, दिवसा दिवा लावून कोण चाललंय म्हणून बघितलं, तर तुमीच की," गुंडा म्हणाला. मग आत वाकून पाहिलं. "आक्का बी हाय. आणि घरावरनं पुढं चाललाय व्हय?"

या प्रश्नाला आमच्या दोन जिल्ह्यांत उत्तर नाही. मी घाईघाईने बटणाचं सांगितलं, म्हणजे त्याच्याकडेच बटण बसवायला येत होतो, असं वाटावं. गुंडाचा चेहरा उजळला. "ह्यात काय हाय? ट्रॅक्टरचं बटन लावू. पाच मिनिटाचं काम."

बेदाण्याच्या शेडसमोर गाडी लागली. गुंडाने लटकत्या तारा नुसत्या हाताने सोडवल्या. मी डोळे मिटले होते, उघडले तर तो जिवंत होता. जुन्या ट्रॅक्टरचं एक दणकट बटण त्याने काढून आणलं आणि ओढाताण करून बसवलं. दाबलं. दिवा विझला आणि त्याच क्षणी गाडीच्या मागून एक बाई गोड आवाजात सांगू लागली की सावधान, गाडी मागे येत आहे.

गाडी जागच्या जागी उभी होती. कोंबड्या पळाल्या. शेडमधली माणसं बाजूला झाली. गुंडाने दिवा लावला, बाई थांबली. विझवला, बाई सुरू. त्या बटणाला दोन्हीकडे काम होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याने कुठली तरी मोकळी तार जोडून टाकली होती, वाया नको जायला म्हणून.

"दिवा जातोय का न्हाई? मग," तो म्हणाला. मी म्हटलं, रात्रभर गाडी मागे येत आहे, हे ऐकत कसं झोपणार? तो म्हणाला, सवयीनं व्हतंय. मग काढतो म्हणाला. पण आधी चहा, मग जेवणाची पानं, मग बेदाणा कसा वाळवतात ते बघणं. मला उशिरा कळलं की गुंडाला बटण बसवायला पाचच मिनिटं लागणार होती, आणि बाकीचा दिवस आम्हाला बसवायला. दुपार कलली. "आता कुटं जाताय, दाजी? कोंबडं सांगितलंय," तो म्हणाला, आणि मी, अंगवळणी पडलेल्या सभ्यतेने, बरं म्हणणारच होतो.

तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून आत गेलो. चुलीपुढे विनोदिनी बसली होती. हात कोपरापर्यंत पिठात. शेजारी तिची मावशी, म्हणजे गुंडाची आई, हरणाबाई तिला सांगत होती की राहू दे गं, तू पाहुणी, आणि एकेक गोळा पुढे सरकवत होती. विनोदिनीने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. गाडी चुकल्यावर माणूस स्टँडवरचं वेळापत्रक वाचतो, तसं.

मी बाहेर येऊन गुंडाला म्हणालो की आम्हाला निघायचं आहे. त्याने विचारलं, कुणाकडं? मी म्हटलं, कुणाकडं नाही. मग कशाला जाताय? राज्यशास्त्रात सार्वभौमत्व नावाचं एक प्रकरण आहे, ते मी त्याला शेडच्या सावलीत समजावून देऊ लागलो. माझं निम्मं झालं असेल, तेव्हा विनोदिनी हात पुसत दारात आली.

"गुंडा, ती बाई बंद कर," ती म्हणाली. "मी दिवाळीला येते, चार दिवस राहते. आज माझ्या घरात झोपणार."

"हे घर हाय व्हय?" गुंडाने मिनीबसकडे बोट केलं.

"आज आहे."

गुंडा दुखावला होता, ते दिसत होतं. तो काहीतरी बोलणार, तोवर हरणाबाई तिच्या मागून बाहेर आली. तिने भाच्याकडे पाहावं तसं गाडीकडे पाहिलं, आत डोकं घातलं, पलंगावर हात दाबून बघितला.

"जाऊ दे रं तिला," ती म्हणाली. "मला बी लय वाटायचं, एकदा कुटंतरी आपलं आपण निजावं. ऱ्हायलं ते."

गुंडाने खाली वाकून एक तार उपटली. बटण दाबलं. दिवा विझला आणि कोणी काही बोललं नाही.

तळ्याकाठच्या गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि गावात लाइट नव्हती. तळ्याच्या बांधाशी सपाट जागा बघून गाडी लावली. बेडूक सोडले तर कोणी नव्हतं. विनोदिनीने दिवा लावला, लगेच विझवला, पुन्हा लावला. ती हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी एक पाइप फोडली असती.

उजेड बघून एक म्हातारी हातात कंदील घेऊन आली. मनुबाई नाव. बांधाखालीच तिचं घर. तिने आधी गाडीवर काय काय मिळतं ते विचारलं. काही मिळत नाही म्हटल्यावर मग खरा प्रश्न विचारला: कुणाकडं आलाय?

"इथं आमचं कोणी नाही," विनोदिनी म्हणाली. हे वाक्य ती इतक्या सावकाश बोलली की जणू पेढा विरघळतोय.

मनुबाईला ते पटेना. तिने सांगलीपासून सुरुवात करून माहेर, आजोळ, जावा, सोयरे सगळं चाचपून पाहिलं. मी श्वास रोखून होतो. विनोदिनीही. तासगावचं नाव निघालं, तेव्हा आता नातं निघणार असं वाटलं, पण मनुबाईची पुतणी तासगावात नव्हे, तासगावच्या पलीकडे दिली होती. शेवटी म्हातारीने हात टेकले. "खरंच कुणी न्हाई म्हनायचं," ती हळहळून म्हणाली, आणि ज्यांचं कोणी नाही त्यांना द्यावं तसं भाकरी, पिठलं आणि कांदा आणून दिला. "भांडी मी सकाळी न्हेतो, तू हात लावू नगंस," असं बजावून गेली. विनोदिनी दुसऱ्याच्या हातचं जेवली आणि भांडी तशीच ठेवून पलंगावर आडवी झाली. असं ती कधी करत नाही.

"घालव आता," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. काळोख असा झाला की मला माझाच हात दिसेना. नाथाजी, राजेश्वरीताई, गुंडा, कोल्हापूरचा तो गृहस्थ, सगळ्यांना मी त्या काळोखात मनातल्या मनात क्षमा केली. मी म्हटलं, बघ, एवढंसं काम होतं.

तेवढ्यात गावात लाइट आली.

आमच्या डोक्यावर, बरोबर गाडीच्या वर, उंच खांबावर आठ फोकस होते. बांधाच्या सुशोभीकरणात बसवलेले. ते एकेक करून पेटले आणि गाडीच्या आत दुपार झाली. पलंगाची शिवण दिसायला लागली. छताच्या दिव्यावर मेलेली माशी दिसायला लागली. तो विझलेला होता, हे मात्र स्पष्ट दिसत होतं.

मी चपला घालून मनुबाईकडे गेलो. त्या खांबाचं बटण कुठे आहे, असं विचारलं.

"बटन न्हाई त्याला," ती म्हणाली. "लाइट आली की लागतंय. गेली की जातंय."

"आणि कधी जाते?"

"रोज जाती. पर आज आत्ता तर आलीय."

आता गाडीच दुसरीकडे हलवू या, असं सांगायला मी परत आलो. विनोदिनी डोळ्यांवर टॉवेल टाकून गाढ झोपली होती.